एकसष्टावी फाईल

प्रिय ठकू,

तुझा मेसेज मिळाला. मी तो वाचला हेही तुला तेव्हाच कळलं असेल, आजकाल सगळंच कळतं. आठ दिवस उत्तर आलं नाही म्हणून तू जावईबापूंना दोनदा तरी म्हणाली असशील की ताईचं हे असंच. फोन मी मुद्दाम केला नाही. फोनवर तू मध्येच बोलतेस, आणि मला जे सांगायचं असतं ते बाजूला राहून आपण तुझ्या बाथरूमच्या छताला आलेल्या ओलीवर पाऊण तास घालवतो. पत्राला मध्ये तोंड घालता येत नाही, एवढं एक बरं आहे. पाकिटात पेन ड्राइव्ह आहे, तो तुला आधी सापडला असणार. तो लगेच लावू नकोस. आधी हे वाच, आणि शेवटपर्यंत वाच. लहानपणी तू गोष्टीच्या पुस्तकाचं शेवटचं पान आधी उघडायचीस, तसं करू नकोस.

तू लिहिलंयस, "ताई, मला बाबांचा आवाजच आठवत नाहीये. चेहरा दिसतो, हात दिसतात, आवाज येत नाही. तू रविवारचे कॉल रेकॉर्ड करायचीस ना? एकूण एक पाठव. मला फक्त त्यांचा आवाज हवाय." खाली रडणारे पाच चेहरे. मी तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचला. मला वाईट वाटायला हवं होतं, मी तशी वाटही पाहिली, पण खरं सांगते, पहिल्यांदा हसूच आलं. ज्या माणसाचा आवाज एकतीस वर्षं अख्ख्या गावाच्या कानात होता, त्याचा आवाज त्याच्या लाडक्या लेकीला सापडेना.

अर्थात कोणाकडेच तो नाही, हेही तितकंच खरं. स्टँडवरच्या त्या काचेच्या खोलीत बसून बाबांनी किती गाड्या पुकारल्या असतील याचा हिशोब देवाकडेही नसेल. पुकारायच्या आधी दोनदा खाकरायचे, माइकवर बोटाने दोनदा टकटक करायचे, आणि मग तो आवाज यायचा. लोक हातातली पिशवी खाली ठेवून ऐकायचे. पण रोज मिळणारी गोष्ट कोण साठवून ठेवतं? पुढे यंत्रात भरलेला एका बाईचा आवाज आला, बाबांना निरोपाला घड्याळ मिळालं, आणि घरी येऊन ते जे गप्प बसले ते बसलेच. घरी ते कमीच बोलायचे. घसा कामाचा आहे, म्हणायचे. काम संपल्यावरही तीच सवय राहिली. मग अर्धांगाचा झटका आला आणि बोलायचं म्हटलं तरी बोलता येईना.

तुला हे सगळं माहीत आहे असं तुला वाटतं. तुला मी फोनवर सांगितलेलं माहीत आहे. बोलत्या बाई आठवतात का? तू त्यांना एकदाच भेटलीस, बाबा गेल्यावर, आणि त्यांना नर्स समजलीस. त्या नर्स नव्हत्या, ज्यांची वाचा गेली आहे त्यांना पुन्हा बोलायला शिकवायचं त्यांचं काम. दर शनिवारी यायच्या. मी त्यांना बोलत्या बाई म्हणायचे, कारण दारातून आत येताना त्या जे सुरू व्हायच्या ते जिना उतरेपर्यंत. त्यांनीच सांगितलं की बाबांना ओळखीच्या माणसाचे ओठ सारखे सारखे दिसायला हवेत. समोर बसून मी कितीदा तेच तेच बोलणार? धाकटीचा फोन येतो ना रविवारी, म्हणाल्या, तो पडद्यावर दिसतो तसा रेकॉर्ड करून ठेवा आणि आठवडाभर त्यांना दाखवा, तिचे ओठ बघून ते मागोमाग म्हणतील. मी म्हटलं, मला ते जमणार नाही. हे तुझंच वाक्य. "ताईला ते जमणार नाही" हे तू माझ्याबद्दल इतक्या जणांना सांगितलंयस की मीही सांगायला लागले होते.

तर ते जमलं. कॉम्प्युटरच्या पोटातच ती सोय असते, बाहेरून काही आणावं लागत नाही. तीन बटणं एकदम दाबायची, कोपऱ्यात छोटी पट्टी येते, त्यात लाल ठिपका दिसला की समजायचं चालू झालं. पुन्हा तीच तीन बटणं दाबली की बंद. शाळेच्या ऑफिसात मी वीस वर्षं दाखले आणि हजेरीपट टाइप केले, माझी बोटं अजून चांगली चालतात. पण एका हातात बाबांचा रुमाल असताना तीन बटणं शोधायची म्हणजे गडबड व्हायची. म्हणून तू आणून दिलेल्या त्या भडक लाल नेलपॉलिशचे ठिपके त्या तीन बटणांवर लावले. माझ्या नखांना ती कधी लागली नाही, निदान तिथे उपयोगी पडली. फाईल आपोआप एका फोल्डरमध्ये जाऊन बसते, तारीख आणि वेळेसकट. पुढे मी त्यांना आकडे दिले. एक ते एकसष्ट. पंधरा महिन्यांत एकसष्टच रविवार कसे, असं तू विचारणार नाहीस, पण मी सांगते. मधले तीन तू बुडवलेस. ते मी मोजले नाहीत, बाबांनी मोजले. त्या दिवशी ते दुपारपर्यंत खुर्चीतून उठायला तयार नसायचे.

आता त्या फायलींत काय आहे ते ऐक, म्हणजे उघडशील तेव्हा धक्का बसणार नाही. त्यांत तू आहेस. पडदाभर तू. उजव्या कोपऱ्यात काड्यापेटीएवढ्या चौकोनात बाबा आहेत, पण ते बघायला तुला पडद्याला नाक लावावं लागेल. सहाव्या फाईलमध्ये तू जेवतेस. नवव्यात नखं घासतेस, आणि घासलेलं नख मधूनच कॅमेऱ्याला दाखवतेस, म्हणजे बाबांना. बाविसाव्यात तुझे डोळे सगळा वेळ डावीकडे आहेत, तिथे दुसरा पडदा असणार, आणि तू "हो का बाबा, अरे वा" असं सात वेळा म्हणतेस. त्या सात वेळांपैकी पाच वेळा बाबा काहीच बोललेले नव्हते, मी आत भांडी आपटत होते. तेहेतिसाव्यात तू खरंच चांगली बोललीस. बाबांच्या हातची ती शिट्टी, जुन्या तिकिटाची वाजवायचे ती, तिची आठवण काढलीस आणि रडलीस. ती फाईल बाबांनी नऊ दिवस बघितली. मला ती आवडत नाही.

आणि आवाज म्हणशील तर सगळीकडे तुझाच आहे. त्या पट्टीत माइकचं एक बारीक चित्र असतं, त्यावर तिरकी रेघ असते. ती रेघ असेपर्यंत समोरून आलेला आवाज तेवढा फाईलमध्ये जातो, खोलीतला जात नाही. सुरुवातीला मला हे माहीत नव्हतं. पाचव्या फाईलच्या वेळी कळलं, बाबांचे ओठ हलताना दिसत होते आणि आवाज काही येत नव्हता. बोलत्या बाईंना विचारलं तर म्हणाल्या, चालेल, आपल्याला धाकटीचे ओठ हवेत. माइक चालू करायचं बटणही त्यांनी दाखवलं, आणि त्यावरही एक ठिपका लावा म्हणाल्या. मी हो म्हटलं. ठिपका लावला नाही. बाबा तुझ्यासाठी जे आवाज काढायचे ना, ठकू, ते माझ्यासाठी कधी काढले नाहीत. माझ्याशी, पाणी हवं असलं की "हं", भांडं हवं असलं की "बा", आणि कूस बदलायची असली की नुसतं डोळ्यांनी. तू दिसलीस की मात्र कुठून कुठून ओढून आणायचे, घाम फुटायचा त्यांना, आणि तू तेव्हा डावीकडे बघत असायचीस. ते आवाज तुझ्या नावावर साठवायचे आणि तेही मी, असं माझ्याच्याने होईना. साठ फायलींत बाबा मुके आहेत. ते आजाराने नाही, माझ्यामुळे.

चौदावी फाईल लावशील तेव्हा जावईबापूंना खोलीबाहेर पाठव, कारण त्यात तेही आहेत. त्या रविवारी तुझ्याकडे आमचं चित्र अडकलं होतं. तू दोनदा "हॅलो बाबा" म्हणालीस आणि फोन तुटला असं समजून तशीच उठलीस. तुटला नव्हता. आमच्याकडे तू स्वच्छ दिसत होतीस. मी आत सूप गाळत होते, बाबा एकटे समोर होते, आणि लाल ठिपका चालू होता. जावईबापूंनी विचारलं, झालं का आजचं? आणि तू म्हणालीस, "किती दिवस चालणार हे असं? दर रविवारी तो वाकडा चेहरा बघायचा आणि हसत बसायचं. सुटू देत ना एकदाचे. तेही सुटतील, मीही सुटेन." मग त्यांनी माझं काहीतरी विचारलं असावं, ते ऐकू येत नाही, तुझं उत्तर येतं. "ताईला काय, तिला दुसरं आहेच काय?" त्यानंतर सोळा मिनिटं तुझी रिकामी खुर्ची आहे, आणि कोपऱ्यातल्या चौकोनात बाबा त्या खुर्चीकडे बघतायत.

मला हे सोमवारी कळलं. सवयीप्रमाणे फाईल लावली, बाबांच्या शेजारी बसले, आणि ते आलं. बंद करता आलं असतं. बटणांवर ठिपके होते, हात तिथेच होता. मी बंद केलं नाही. तू पुढे काय बोलतेस ते मला ऐकायचं होतं, आणि बाबांच्या चेहऱ्यावर काय होतं ते बघायचं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर काही झालं नाही. मंगळवारी त्यांनी पडद्यावर त्याच फाईलवर बोट ठेवलं आणि मी ती लावली. बुधवारी त्यांनी बोट ठेवलं नाही. बुधवारपासून मीच लावत गेले. मी स्वतःला सांगत होते की हा व्यायाम आहे, बाईंनीच सांगितलाय. खरं कारण असं की मला वाटत होतं, कधीतरी यांना कळेल आपली कोण कशी आहे ते, आणि मग ते वळून माझ्याकडे बघतील. एवढंच हवं होतं मला. ठकू, ते माझ्याकडे वळलेच नाहीत. ते तुझे ओठ बघत होते. बाईंनी शिकवलं होतं तसं, तुझ्या मागोमाग म्हणायचा प्रयत्न करत होते.

पुढच्या शनिवारी बोलत्या बाई आल्या, चित्रांची कार्डं काढली, आणि बाबांनी कार्डाकडे न बघता आख्खा शब्द उच्चारला. "सुटेन." बाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी माझा हात धरून हलवला. आजारानंतर बाबांना आलेला पहिला तीन अक्षरी शब्द. वहीत लिहून त्यापुढे त्यांनी बरोबरची खूण केली, आणि कुठून शिकले म्हणून विचारलं. मी म्हटलं, धाकटीकडून. त्यानंतर बाबा तो शब्द रोज म्हणायचे. सूप झालं की, अंघोळ झाली की, खिडकी उघडली की. कळून म्हणत होते की न कळून, हे तू मला विचारू नकोस. मला वाटतं, कळून. तुझ्याशी बोलतानाही म्हणायचे, पंधराव्या फाईलपासून पुढे कोपऱ्यातल्या चौकोनात बघ, ओठ नीट दिसतात. तू दर वेळी "अरे वा बाबा" म्हणालीस.

इकडची बातमी म्हणशील तर बाबांची चाकाची खुर्ची बाईंनी दुसऱ्या पेशंटसाठी नेली. पलंग खोलीच्या मधोमध आला होता तो पुन्हा भिंतीला लावला. कपाटातले कपडे वाटून टाकले, तू म्हणाली होतीस की एक स्वेटर ठेव, तो ठेवलाय, पण त्याला आता बाबांचा वास नाही, मी धुतला. शाळेत पुन्हा कामाचं विचारून आले, माझ्या खुर्चीत आता एक तरुण मुलगी बसते आणि ती माझ्यापेक्षा हळू टाइप करते. मुख्याध्यापकांनी मला बसा म्हटलं आणि पाणी दिलं. एवढ्यावर मी परत आले.

आता एक जुनी गोष्ट. ती तुला आठवणं शक्य नाही, तू चार वर्षांची होतीस आणि मी दहाची. आई आजारी होती म्हणून सुट्टीत बाबा आपल्याला स्टँडवर घेऊन जायचे. तू त्यांच्या मांडीवर, काचेच्या खोलीत, आणि मी बाहेर चौकशीच्या खिडकीखाली स्टुलावर. एका दुपारी तुला फिरवून आण म्हणाले, हात सोडू नकोस म्हणाले. चौथ्या फलाटापाशी मी तुझा हात सोडला. सुटला नाही, सोडला. दहा पावलं मागे जाऊन खांबाआड उभी राहिले आणि बघत बसले. तू आधी हसलीस, मग इकडेतिकडे बघितलंस, मग एका रिकाम्या गाडीत चढून मागच्या बाकाखाली जाऊन बसलीस. मी सगळा वेळ तुला बघत होते. थोड्या वेळाने मी रडत बाबांकडे गेले. रडणं खोटं नव्हतं, मला भीती वाटली होती. आणि मग स्टँडभर बाबांचा आवाज आला. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. चार वर्षांची, लाल फ्रॉक घातलेली, ठकू नावाची मुलगी मोठ्या बहिणीचा हात सुटून हरवली आहे. ती कोणाला दिसल्यास तिला घेऊन यावे. तिचे वडील चौकशीच्या खिडकीपाशी वाट बघत आहेत." गडबडीत त्यांना तुझं शाळेत घालायचं नाव आठवलंच नाही. गाड्या थांबल्या, ड्रायव्हर खाली उतरले, सगळा स्टँड ठकू ठकू करत तुला शोधायला लागला. तुला एका कंडक्टरने काखेत धरून आणलं तेव्हा बाबांच्या गालांवर पाणी होतं. मला ते काही बोलले नाहीत. मारलं असतं तरी चाललं असतं.

पुढच्या आठवड्यात मी स्वतः पार्सलच्या खोलीत जाऊन लपले. दीड तास पोत्यांमागे बसून होते. बाबांचा आवाज सारखा येत होता, ही गाडी लागली, ती गाडी सुटली, अमक्या गाडीला उशीर आहे. प्रत्येक वेळी ते खाकरले की मी उठून बसायचे, आता माझं नाव येईल म्हणून. आपलं वय किती सांगतील, फ्रॉकचा रंग कोणता सांगतील, ते मी ठरवूनही ठेवलं होतं. पाय बधिर झाले तेव्हा आपणच बाहेर आले. बाबा म्हणाले, कुठे होतीस, डबा खाऊन घे. तू त्यांच्या मांडीवर झोपली होतीस. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

एकसष्टाव्या रविवारी बोलत्या बाई घरी होत्या, शनिवारी त्यांना जमलं नव्हतं. बाबांचे उच्चार त्यांना वरच्या डॉक्टरांना ऐकवायचे होते. त्यांनी स्वतः वाकून माइकवरची रेघ काढली आणि मी बघत राहिले. तू अकरा वीसला फोन केलास आणि तीन मिनिटांत आज गडबड आहे, पुढच्या रविवारी नक्की, म्हणून ठेवलास. पुढचा रविवार बाबांना मिळाला, तुला जमलं नाही, आणि त्यानंतरच्या मंगळवारी ते गेले. तर बाई निघाल्या, मी त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेले, आणि त्या नेहमीप्रमाणे जिन्यात बोलत उभ्या राहिल्या. फाईल चालूच होती. मी आले आणि बंद केली. बाई पुढच्या शनिवारी ती घेऊन जाणार होत्या, पण त्या शनिवारी बाबांना ताप होता आणि तो विषय राहिला. मी ती उघडली ती तू चार दिवस राहून परत गेल्यावर, दुसऱ्या दिवशी दुपारी.

आधी तुझी तीन मिनिटं आहेत. मग पडद्यावर कॉल संपल्याचं रिकामं चित्र. खुर्ची करकरते. बाबा दोनदा खाकरतात. मग दोनदा टकटक, त्यांनी कॉम्प्युटरवर बोट आपटलं असणार. आणि मग बाबांचा आवाज येतो. आजारातला नाही, स्टँडवरचा. एकही अक्षर न अडखळता. प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, इथपासून चौकशीच्या खिडकीपाशी वाट बघत आहेत, इथपर्यंत, लाल फ्रॉकसकट सगळं. नियमाप्रमाणे दोनदा. बाई म्हणाल्या होत्या की जन्मभर घोकलेलं कधीकधी आतमध्ये शाबूत राहतं, आकडे, शिव्या, गाणी. पण बाबांनी जन्मभर गाड्या घोकल्या होत्या, ठकू, ही घोषणा त्यांनी एकदाच केली होती. दुसऱ्यांदा म्हणून होतं. मग माझ्या चपलांचा आवाज, आणि मी विचारते, "झालं का बाबा बोलून?" आणि फाईल संपते. मी खूप रडले, ते सांगायला मला लाज नाही. ज्या बाईने पंधरा महिने त्यांना पुसलं, उचललं, भरवलं, ती त्या घोषणेत आहे, नाही असं नाही. पण एक सुटलेला हात म्हणून आहे.

तर पेन ड्राइव्हवर एक ते साठ जशाच्या तशा आहेत. एकसष्टाव्या नंबरची जी फाईल आहे ती वेगळी आहे, आणि ती बघण्याआधी तुला माहीत असावं म्हणून हे पत्र. नेलपॉलिशच्या त्या तीन बटणांनी कॉलची खिडकी रेकॉर्ड होते, पण फोल्डर रेकॉर्ड होत नाही. त्यासाठी दुसरी सोय आहे, कात्रीच्या चित्राची, तीही कॉम्प्युटरच्या पोटातच असते. हवा तेवढा चौकोन आखायचा, तीन दोन एक असे आकडे येतात आणि चालू होतं. मी ती काल शिकले, तुझ्यासाठी. अडतीस सेकंदांची आहे. त्यात तुला आपला फोल्डर दिसेल, ती तारीख आणि ती वेळ, अकरा वीस, दिसेल. बाण त्या फाईलवर जाईल. मग ती तिथून जाईल. मग बाण कचऱ्याच्या डब्यावर जाईल, डबा रिकामा करू का, कायमचा, असं विचारलं जाईल, आणि तिथे बाण थोडा वेळ थांबलेला दिसेल. मग हो. दुसरी कॉपी कुठेही नाही, मीही ती आता ऐकू शकत नाही, आणि ते मला चालेल. माइक मी बंद ठेवला होता, त्यामुळे आवाज वाढवून उपयोग नाही. मी नुसती फाईल काढून टाकून गप्प बसू शकले असते, तुला कळलंही नसतं. पण मग तू सगळ्यांना सांगितलं असतंस की बिचाऱ्या ताईकडून चुकून उडाली, तिला ते जमत नाही. म्हणून रेकॉर्ड केलं. नीट बघ, हात कुठेही थरथरलेला नाही.

तुझीच, दुसऱ्या कोणाची होणार,
ताई